खंडेनवमीची करवत

एका गावात एक पिठाची गिरणी होती, आणि त्या गिरणीत धान्याच्या आधी माणसं दळली जात. खंडेनवमीच्या सकाळी तर विचारूच नका. दुपारी गिरणीची पूजा व्हायची, पट्टा उतरायचा, जात्याला हळदकुंकू लागायचं आणि दसरा उलटेपर्यंत गिरणी बंद. म्हणून सगळ्या गल्लीचे डबे सकाळपासून रांगेत. यमुनाक्का सगळ्यांच्या मागून आली होती, पण रांग मोडून सर्वांत पुढे जाऊन उभी होती आणि मागच्या बाईकडे तोंड करून सांगत होती, "अगं, कुंभोजकर सरांनी वैजूच्या रॉकेटवर करवत चालवली म्हणे! आज! खंडेनवमीला! पूजेत मांडलेली करवत उचलून! आणि ती पोर तर तिथंच..."

एवढ्यात गिरणीवाल्याने पट्टा चढवला. पुढचं वाक्य यमुनाक्काच्या ओठांवर हलताना दिसलं, ऐकू मात्र आलं नाही.

रांगेच्या अगदी शेवटी, ज्वारीच्या पोत्याआड, ती पोर स्वतःच गव्हाचा डबा घेऊन उभी होती. 'ती पोर तिथंच' काय करत होती हे जाणून घ्यायला ती थांबली नाही. डबा होता तिथे ठेवला आणि ती जी निघाली, ती चपलेचा अंगठा तुटला तरी वळली नाही. यमुनाक्काला ती तेव्हा दिसली. तिने पदर तोंडाला लावला, पण वाक्य पूर्ण केल्यावर.

ही वैजयंती कोण, ते आधी सांगितलेलं बरं. गल्लीत तिला सगळे वैजू म्हणत. यंत्रशास्त्राची पदविका घेतलेली, फाउंड्रीत ड्रॉइंगच्या खात्यात नोकरीला लागलेली मुलगी. तिच्या वयाच्या मुली संध्याकाळी देवळाच्या पायरीवर गप्पा मारत, आणि ही मात्र पाना घेऊन मगदूम शेठच्या रिकाम्या शेडमध्ये. तिला नाद होता अग्निबाणांचा. दिवाळीच्या बाणांचा नव्हे हं. माणसाच्या उंचीचा, वर जाऊन छत्री उघडून पुन्हा सावकाश खाली येणारा. तिच्यासारखेच वेडे असे काही मित्र होते, पण ते आपापल्या नोकऱ्यांच्या गावी. रीतसर परवानग्या काढणं आणि भाग घडवणं हे सगळं हिच्याच अंगावर. यमुनाक्का म्हणे, "लोकांच्या लेकी वर बघून चंद्राला ओवाळतात, ही मेली त्याच्याकडं नेम धरून बसलीय."

अग्निबाणाचा प्राण असतो त्याची नळी. तिच्यात इंधन जळतं, आत धूर कोंडतो, तो मागच्या भोकातून सुटतो आणि बाण वर जातो. कोंडलेला धूर नळीला आतून सर्व बाजूंनी रेटत असतो. नळी टिकली तर बाण उडतो, नाही टिकली तर तुकडे उडतात. म्हणून उडवण्याआधी नळीची परीक्षा घ्यावी लागते, आणि त्या परीक्षेचं यंत्र वैजूने स्वतः आखलं, स्वतः बांधलं होतं. नळी आडवी ठेवायची, पाण्याने काठोकाठ भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची आणि प्लंबर लोक पाइप तपासायला वापरतात तसल्या हातपंपाने दाब द्यायचा. दाबाच्या तबकडीवर तिने नेलपॉलिशची तांबडी रेघ ओढली होती. सुई त्या रेघेला लागली आणि नळी शाबूत राहिली, की पास. हवा न भरता पाणी का, तर पाण्याची नळी फुटली तर माणूस भिजतो, हवेची फुटली तर माणूस उरत नाही.

तरीही शेजाऱ्यांचा जीव शेजाऱ्यांना प्यारा. पहिल्याच दिवशी यमुनाक्का कमरेला पदर खोचून शेडच्या दारात येऊन उभी राहिली होती. "वैजे, माझी नातवंडं इथं खेळत असतात. तुझी ती तोफ फुटली तर काय करू मी?" वैजूला ते पटलं. तिने जाड लोखंडी पाइपचा एक तुकडा आणला, आतून घासून घासून नळीच्या बेताचा केला आणि नळीला जाकिटासारखा घातला. नळी फुटलीच, तर तुकडे जाकिटात अडकतील. इतकं नेमकं बसलं होतं ते जाकीट, की नळी आत सरकताना हवा सुस्कारा टाकून बाहेर येई. त्या कामाचा तिला फार अभिमान होता.

आणि यंत्रानेही तिला कधी निराश केलं नाही. पहिली नळी पास झाली. नळी पास झाली याचा अर्थ ती गरजेपेक्षा जाड आहे, असा विचार करून वैजूने पुढची नळी लेथवर आतून थोडी पातळ केली. वजन कमी, उंची जास्त. तीही पास. मग आणखी पातळ. तीही पास. असं करत करत नळी इतकी हलकी झाली की तळहातावर घेऊन झेलता यावी. उद्या दसरा, सीमोल्लंघनाच्या माळावर मगदूम शेठनी मांडव घातला होता, गावभर फ्लेक्स लावले होते, आणि शाळेची मुलं पहिल्या रांगेत बसवून त्यांच्यादेखत वैजूचा अग्निबाण उडायचा होता. ज्या गावाने तिला आजवर 'अंगात आलेली' ठरवलं होतं, त्याच गावापुढे.

राहिले कुंभोजकर सर. पॉलिटेक्निकमध्ये ते वस्तूंची बळकटी तपासायला शिकवत. सळई ताणायची, पट्टी वाकवायची, वीट चिरडायची आणि ती कशी मोडली हे भिंग लावून बघायचं. आयुष्यात त्यांनी जेवढं मोडलं तेवढं गावातल्या सगळ्या व्रात्य पोरांनी मिळून मोडलं नसेल. निवृत्त झाले तरी शिष्य त्यांच्याकडे येतच होते, पण 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणीही ऐकला नव्हता. त्या सकाळी वैजूने त्यांना पूजेला बोलावलं होतं. यंत्र, पाने, करवत, पंप सगळं पाटावर मांडून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पूजा झाल्यावर आईने दळणाची हाक मारली, म्हणून ती म्हणाली होती, "सर, जरा टेकता? मी दळण टाकून आले." आणि सर टेकले होते.

ती धापा टाकत शेडमध्ये शिरली तेव्हा अफवा निम्मी तरी खरी निघाली होती. करवतीवरची झेंडूची माळ कुणीतरी अलगद काढून पाटावर ठेवली होती. शिकंजात एक नळी आवळलेली होती, तिच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबच लांब चीर पाडली होती, आणि खाली फरशीवर चकचकीत भुसा. आरपार नव्हती ती चीर. पण खाली कागदाएवढीच जाडी उरली असेल. सर चष्मा पुसत बसले होते.

"सर!" तिचा आवाज चिरकला. "हे काय केलंत तुम्ही?"

"चीर पाडली," सर म्हणाले. "ही उद्याची नळी नाही, काळजी करू नको. उद्याची कपाटात आहे. ही तिची बहीण."

"पण का? आणि आज? पूजेतलं हत्यार..."

"उद्या नळी पेटणार आहे. करवतीला परवा सुट्टी देऊ." त्यांनी चष्मा चढवला. "आता ही यंत्रावर चढव."

"नाही चढवणार."

सरांना आयुष्यात कुणा शिष्याने असं तोंडावर 'नाही' म्हटलं नसावं. पण ते रागावले नाहीत. उलट जरा सरळ होऊन बसले, रोचक काही ऐकल्यासारखे. "का नाही?"

"चढवायची काय गरज आहे? आंधळ्यालासुद्धा दिसेल की ही फुटणार. तुम्हाला माझं काम पसंत नसेल तर तसं सांगा ना सर. सगळी गल्ली मला हसते, त्यात तुम्ही एक वाढलात तर बिघडलं नाही. पण रात्ररात्र जागून घडवलेली वस्तू अशी..."

"फुटणार म्हणतेस ना? मग फुटताना बघू. म्हातारा भिजला तर तुझा राग तरी शांत होईल."

हे मात्र वैजूला पटलं. तिने नळी शिकंजातून ओढून काढली, जाकिटात सारली, पाणी भरलं, तोंडं बंद केली, तीही अशी आदळआपट करत की बाहेर कुंपणावरची चिमणी उडाली. मग पंपाचा दांडा धरला आणि हाणायला लागली. सुई उठली. वैजूने सरांकडे पाहिलं, ते कुठे उभे आहेत, फवारा कुठवर जाईल. सुई निम्म्यावर आली. आता फुटेल. आणखी वर. आता. सुई तांबड्या रेघेला लागली, आणि तिथेच थांबली.

पाण्याचा एक थेंब बाहेर आला नाही.

तिने आणखी दोन दांडे मारले. सुई रेघेच्या पलीकडे गेली. नळी गप्प. तिने दांडा सोडला. पाठीवर चीर पाडलेली, नखाने दाबली तर आत जाईल अशी नळी तिच्या यंत्राने सन्मानपूर्वक पास केली होती.

वैजू पूजेच्या पाटाशेजारी खाली बसली. तिची नजर तबकडीवरून जाकिटावर गेली. मग तिने हळूच विचारलं, "जाकीट?"

"जाकीट," सर म्हणाले. आणि मग ते बोलले ते एवढंच:

"तू यंत्र सुंदर आखलंस, वैजयंती, पण त्याला नळीवर माया करायला शिकवलंस. दाब आला की नळी फुगू बघते. तुझं जाकीट तिला कवेत घेऊन म्हणतं, भिऊ नको, मी आहे. सुई रेघेवर जाते ती जाकिटाच्या बळावर. आकाशात जाकीट नसतं. मला नळीची शंका नव्हती आली. मला शंका आली तुझं कपाट बघून. तिथे एकही फुटलेली नळी नव्हती. परीक्षा घेणाऱ्याच्या घरात मोडक्या वस्तूंचा ढीग हवा. ज्या यंत्राने आजवर एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही, त्याच्या 'हो'वर तू उद्या मुलं बसवणार होतीस. म्हणून आधी त्याच्यापुढे जाणूनबुजून बिघडवलेली वस्तू ठेवायची असते. त्याने ती ओळखली नाही, तर ती परीक्षा नव्हे. तो सत्कार."

वैजूच्या डोळ्यांपुढून एकेक नळी गेली. पहिली जाड, दुसरी पातळ, तिसरी त्याहून पातळ. प्रत्येक वेळी तिला वाटलं होतं, नळी सांगतेय मला अजून झेपेल. सांगत होतं जाकीट.

"पण जाकीट मी हौस म्हणून नव्हतं घातलं," ती म्हणाली. अजून थोडा वाद उरलाच होता अंगात. "यमुनाक्काची नातवंडं आहेत बाहेर."

"ते योग्यच केलंस. पण रक्षण कुणाचं करायचं होतं?"

"मुलांचं."

"आणि केलंस कुणाचं?"

वैजू उठली. शेडच्या मागे मगदूम शेठच्या तेलाचं एक रिकामं पिंप गंजत पडलं होतं. ते तिने लोळवत आत आणलं. आतल्या बाजूने वाळूची पोती रचली, मधोमध दोन लाकडी ठोकळे ठेवले आणि त्यांवर जाकिटावाचून, उघडी नळी ठेवली. पिंप नळीला कुठेच शिवत नव्हतं. तुकडे उडाले तर वाळूत रुततील, पण नळीला मात्र आपल्याच बळावर उभं राहायचं होतं. रबरी पाइप लांब करून पंप भिंतीच्या पलीकडे नेला. सर बघत होते. एकदा फक्त एक ठोकळा त्यांनी बोटाने किंचित सरकवला.

आधी चीर पाडलेली नळी. सुई जागची जेमतेम हलली, तोच पिंपात 'फस्स' झालं. यंत्र पहिल्यांदाच 'नाही' म्हणालं. वैजूला हसूच आलं. आणि हसता हसता तिला कळलं की पुढची पाळी कुणाची.

उद्याची नळी आणि तिच्या बहिणी एकाच दिवशी, एकाच लेथवर, एकाच जाडीच्या कातलेल्या. तिने एक धडधाकट बहीण घेतली. कुठे ओरखडा नाही, काही नाही. पिंपात ठेवली. दांडा मारायला लागली. या वेळी ती आदळआपट करत नव्हती. एकेक दांडा मारून सुईकडे असं बघत होती, जसं आपण दवाखान्यात डॉक्टरांच्या तोंडाकडे बघतो. सुई निम्म्यावर आली. निम्म्याच्या जरा वर गेली. रेघ अजून बरीच लांब होती, आणि पिंपातून आवाज आला. मोठा नव्हता. ओला टॉवेल झटकावा तसा. पाणी वाळूत उतरलं, आणि वैजूने आत डोकावलं तेव्हा नळी कमळासारखी उमललेली होती.

ती तिने बाहेर काढली आणि कपाटात, जिथे आजवर फक्त पास झालेल्या नळ्या असत, तिथे सर्वांत पुढे ठेवली.

नेमक्या त्याच वेळी मगदूम शेठ आले. माणूस वाईट नव्हता हो. गावात काही चांगलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटे. फक्त ते झालेलं लोकांना दिसावं असंही वाटे. हातात आपट्याच्या पानांची जुडी, कपाळाला कुंकू, मागे गाडीत फुलांचे हार.

"काय वैजूताई, तयारी?" ते म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष फरशीवरच्या पाण्याकडे गेलं. "हे काय, धुवायला काढलीत शेड?"

"शेठ, उद्या बाण उडणार नाही," वैजू म्हणाली.

शेठ आधी हसले. मग त्यांना कळलं की ती चेष्टा करत नाही. "अहो, असं कसं? पास झाली म्हणून तुम्हीच पेढे दिलेत की. मी फ्लेक्स लावलेत. शाळेची मुलं गाणं बसवून तयार आहेत. 'उडे अग्निबाण' असं गाणं आहे."

"पास झाली नव्हती. मीच पास केली होती."

"ताई, भाषा काही का असेना. इतक्या वेळा झाली, एकदा नाही झाली. त्यात काय? आमची गाडी दहांत एकदा सुरू होत नाही, म्हणून मी चालत जातो का?" ते सरांकडे वळले. "सर, तुम्ही तरी सांगा. तुमचं ऐकेल ती."

सर झेंडूच्या माळेतली एक सुटलेली गाठ बांधत होते. "मला कशाला विचारता, शेठ? यंत्र तिचं, नळी तिची, तोंडही तिचंच आहे."

शेठच्या स्वरातलं दही आता आंबायला लागलं. "म्हणजे म्हाताऱ्यानेच कान भरले. बरं. तुम्ही नाही पेटवणार तर नका पेटवू. नळी द्या माझ्याकडे. आमच्याकडे खाणीत सुरुंग लावणारा माणूस आहे, तो लांबून बत्ती देईल. मुलांना जरा मागे बसवू. झालं?"

"मागे म्हणजे किती मागे?"

"ते बघू तिथे."

वैजूने सरांकडे पाहिलं. सर तिच्याकडे बघत नव्हते. गाठ केव्हाच बसली होती, तरी ते तीच गाठ ओढत होते.

मग तिने कपाटातून उद्याची नळी काढली. बाहेरून तांबडा रंग दिलेली, त्यावर सोनेरी अक्षरांत गावाचं नाव घातलेली. शेठनी हात पुढे केला. वैजूने नळी शिकंजात आवळली, पाटावरची करवत उचलली आणि गावाच्या नावाच्या मधोमध पातं टेकवलं.

"ताई!" शेठ ओरडले. "खंडेनवमी आहे आज! काय करताय!"

"जे उडायला नको, ते कुणाच्याही हाती द्यायला नको," ती म्हणाली, आणि करवत चालू झाली. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, पण दात नवे होते. किंचाळी अशी निघाली की यमुनाक्काच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली. नळीचे दोन तुकडे फरशीवर पडले. वैजूने तिसरी बहीण लावली. ती कापली. मग चौथी. शेठ बोलत होते: शेड माझी आहे, उद्यापासून कुलूप लावतो, गावात तोंड कसं दाखवशील बघतो. ती ऐकतही होती. शेड गेली तर काय जाणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिचा लेथ गेला, संध्याकाळ गेली, आकाशाकडे जायचा एकुलता रस्ता गेला. तरी तिचा हात थांबला नाही. शेवटचा तुकडा पडला तेव्हा तिने करवत पुसली, पाटावर ठेवली आणि झेंडूची माळ पुन्हा तिच्यावर घातली.

"लावा कुलूप," ती म्हणाली. "पण यंत्र मी नेणार. ते आज कुठे बोलायला लागलंय."

शेठ गेले. सर उठले, गुडघ्यांवर हात ठेवून, हळूहळू. दाराशी थांबून म्हणाले, "यंत्राला 'नाही' म्हणायला शिकवणं सोपं असतं, वैजयंती. ज्याने यंत्र बांधलं त्याला ते म्हणावं लागतं, तेव्हा खरी रेघ लागते." आणि गेले. 'छान' तेव्हाही म्हणाले नाहीत.

दसऱ्याला माळावर सगळं गाव लोटलं. मांडव होता, फ्लेक्स होते, मुलांनी गाणंही म्हटलं. फक्त बाण नव्हता. ध्वनिक्षेपकावर कुणीतरी सांगितलं, "काही तांत्रिक कारणामुळे कार्यक्रम पुढे ढकलला आहे." आणि तांत्रिक कारण म्हणजे कोण, हे मांडवात सगळ्यांना माहीत होतं. म्हाताऱ्याला पोरीचं कौतुक बघवलं नाही. जळफळाटाने त्याने पूजेतल्या करवतीने रॉकेट कापलं. सर शेवटच्या रांगेत, मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या. ज्यांना त्यांनी शिकवलं होतं, तेही त्यांना सोनं द्यायला येत नव्हते. सर आपट्याची पानं मांडीवर घेऊन समोर बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून हे सगळं खरं नाही असं कुणालाही वाटलं नसतं.

वैजूने ते पाहिलं आणि ती सरळ मंचावर चढली. निवेदकाच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला. तो बिचारा देईना, तर ओढून घेतला.

"कारण तांत्रिक नाही," ती म्हणाली. "नळी कच्ची होती. मी कातलेली, मी तपासलेली आणि मीच चुकीची पास केलेली. ती आज इथे पेटली असती तर पहिल्या रांगेत कोण बसलंय ते बघा. म्हणून मी 'नाही' म्हणाले. पुढच्या वर्षी उडेल की नाही ते आज सांगणार नाही. आधी यंत्र सांगेल, मग मी सांगेन."

पहिल्या रांगेतल्या आया आपापल्या मुलांकडे बघायला लागल्या. एकीने आपल्या मुलीला उगाचच मांडीवर ओढून घेतलं. मगदूम शेठ उठून काही बोलणार होते, पण त्यांचा स्वतःचा नातू त्या रांगेत बसला होता. ते परत खाली बसले.

वैजू मंचावरून उतरली आणि रिकाम्या खुर्च्या ओलांडून सरांपाशी गेली. वाकून नमस्कार केला, सोनं दिलं. सरांनीही तिला दिलं. मग मागून एक जुना विद्यार्थी आला, मग आणखी एक, आणि खुर्च्या भरू लागल्या.

तेवढ्यात यमुनाक्का गर्दी सारत तिथे पोचली. वैजूच्या हातावर सोनं ठेवलं आणि घाईघाईने म्हणाली, "वैजे, ते पिंप शेडमधून काढायचं असेल ना, आमच्या परसात आणून ठेव. जागा आहे. नातवंडांना मी घरात कोंडीन तेवढा वेळ." मग आवाज खाली करून, पण शेजारच्या सगळ्या रांगांना ऐकू जाईल इतपतच खाली करून, तिने विचारलं, "पण मला एक सांग. सरांनी करवत चालवली हे खरं का नाही?"

"खरं," वैजू म्हणाली.

"बघा! मी गिरणीत सांगितलं तेच. आणि तू तिथंच ऊर बडवून रडत बसलीस, हे?"

"अर्धंच खरं, अक्का. एक सरांनी कापली. बाकीच्या मी."